ट्योर्बेल: स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं एक गाव — वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे बर्फ, चॉकलेट आणि सिनेमातली गाणी आठवतात. गावकीच्या जमिनी, चराई आणि पाणीवाटप यांत रस असलेल्या माणसाला मात्र त्या देशातलं एक नाव हमखास भेटतं: ट्योर्बेल. या गावाबद्दल मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ट्योर्बेल नेमकं कुठे आहे?

देशाच्या दक्षिणेला वालिस नावाचा प्रांत आहे. त्याच्या मधोमध ऱ्होन नदीची रुंद दरी आहे. पश्चिमेकडचा भाग फ्रेंच बोलतो, पूर्वेकडचा जर्मन. जर्मन भागात फिस्प हे छोटं शहर लागतं. तिथून दक्षिणेला डोंगरात शिरणारी दरी स्टाल्डन या गावापाशी दुभंगते. एक फाटा झेरमॅटला जातो, दुसरा सासच्या खोऱ्यात. स्टाल्डनच्या वर, पश्चिमेच्या उतारावर, सुमारे १५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल वसलं आहे. वस्ती साधारण पाचशे माणसांची.

मॅटरहॉर्न हे शिखर पाहायला निघालेल्या रेल्वेगाड्या या गावाच्या पायथ्यावरून जातात. त्या गाड्यांत भारतीय पर्यटकही पुष्कळ असतात, पण वर गाव आहे याची बहुतेकांना कल्पना नसते.

इतक्या लहान गावाचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत कसं पोचलं?

त्यामागे दोन अमेरिकन अभ्यासक आहेत. रॉबर्ट नेटिंग हे मानववंशशास्त्रज्ञ आधी नायजेरियातल्या कोफ्यार शेतकऱ्यांमध्ये राहिले होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ट्योर्बेलला आले. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, जमिनीच्या खरेदीखतांचे जुने कागद, गावकीचे ठराव असं सगळं त्यांनी चाळलं आणि १९८१ मध्ये या गावावर पुस्तक लिहिलं. इथल्या जमीन-व्यवहाराचे लेखी कागद १२२४ पर्यंत मागे जातात, त्यामुळे त्यांना शेकडो वर्षांचा हिशेब लावता आला.

दुसऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम. १९६८ मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं: कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर वाढवत जाईल, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सगळ्यांत वाटलेलं, शेवटी कुरण उजाड होईल. या युक्तिवादाच्या आधारे जगभर एकच निष्कर्ष निघू लागला, की सामाईक जमीन एक तर सरकारने ताब्यात घ्यावी, नाही तर वाटून खासगी करून टाकावी. ऑस्ट्रमबाईंनी १९९० मध्ये याला उत्तर दिलं ते जगभरातल्या प्रत्यक्ष गावांची उदाहरणं मांडून. त्यांत जपानमधली डोंगरी गावं होती, स्पेनमधले बागायती पाट होते, फिलिपाइन्समधल्या पाणीसंस्था होत्या आणि नेटिंग यांच्या अभ्यासातलं ट्योर्बेलही होतं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

गुरांबद्दलचा तो प्रसिद्ध नियम काय आहे?

१५१७ सालच्या नियमांत तो सापडतो: हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसता येतील, त्याहून जास्त गाई कोणाही गावकऱ्याने उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणात पाठवायच्या नाहीत.

एका वाक्याचा नियम आहे, पण त्यात किती गोष्टी साधल्या आहेत ते सावकाश पाहण्यासारखं आहे. इथे वर्षाचा मोठा भाग गाई गोठ्यात बांधलेल्या असतात. त्या काळात त्यांना लागणारं वाळलं गवत प्रत्येक कुटुंब आपापल्या खासगी गवताळ तुकड्यांतून काढतं. त्या तुकड्यांना पाणी द्यावं लागतं, शेण पसरावं लागतं, उन्हात कापणी करून गवत वाळवावं आणि गोठ्यापर्यंत पाठीवर वाहून न्यावं लागतं. म्हणजे जादा गाय पाळायची तर आधी जादा घाम गाळायला हवा. वसंतात स्वस्तात गाई विकत घ्यायच्या, उन्हाळाभर गावाच्या कुरणावर फुकट चारायच्या आणि थंडीच्या तोंडावर विकून मोकळं व्हायचं, हा पैसेवाल्याचा मार्ग या एका अटीने बंद झाला.

शिवाय नियम पाळला जातो की नाही हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. कुरणात गवत किती उगवलं हे मोजणं अवघड. शेजाऱ्याच्या गोठ्यात फेब्रुवारीत किती गाई उभ्या होत्या हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. उन्हाळ्यात गुरं वर निघाली की ती एकदमच निघत, आणि तेव्हाच मोजली जात. कोणाच्या गाई किती यावर मोसमअखेर त्याला चीज किती मिळायचं ते ठरे. जास्तीची गाय घुसवणाऱ्याला दंड होई आणि दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातला अर्धा वाटा मिळे. म्हणजे अधिकाऱ्याने डोळेझाक करावी असं काहीच कारण उरत नसे.

माझ्या मते सामाईक जमिनीबद्दल आजवर माणसाने केलेल्या नियमांत हा सर्वांत देखण्या नियमांपैकी एक आहे. तो कुठल्या राजाने लादलेला नव्हता. गावाचे नियम गावकऱ्यांच्या मताने ठरत, आणि ज्यांनी ते केले त्यांनाच ते पाळायचे होते.

म्हणजे गावात सगळंच सामाईक होतं का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. घराजवळचे मळे, राईची (मोहरी नव्हे, गव्हासारखं ‘राय’ हे धान्य) शेतं, दरीतले द्राक्षांचे तुकडे आणि गवताची शेतं ही सगळी खासगी मालकीची. सामाईक काय, तर उंचावरचं उन्हाळी कुरण, जंगल, पडीक जमीन, पाण्याचे पाट आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटा.

ही विभागणी भाबडेपणाने झाली नव्हती. नेटिंग यांचं स्पष्टीकरण असं, की जिथे एकरी उत्पन्न कमी, त्याचा भरवसा कमी, जमीन सुधारायला फारसा वाव नाही आणि कामाला मोठं क्षेत्र व पुष्कळ माणसं लागतात, तिथे वाटण्या करणं परवडत नाही. दोन हजार मीटरवरच्या कुरणाचे दीडशे तुकडे केले तर कुंपणाचाच खर्च गवतापेक्षा जास्त व्हायचा. उलट द्राक्षाच्या वेलीला रोज हात लावावा लागतो, तिथे खासगी मालकीच बरी. एकाच गावाने, एकाच वेळी, दोन्ही पद्धती शेकडो वर्षं चालवल्या.

खासगी जमिनीची वाटणी मुलं आणि मुली यांच्यात समान होत असे. त्यामुळे तुकड्यांचे तुकडे पडत गेले. घरंसुद्धा मजल्यांनी वाटली गेली: खालचा मजला एका भावाचा, वरचा बहिणीचा. गोठ्यात तर अपूर्णांकांत हिस्से असत.

जंगलातलं लाकूड कसं वाटायचे?

चिठ्ठ्या टाकून. कोणती झाडं तोडायची त्यांवर वनरक्षक खुणा करी. लाकडाचा हक्क असलेली कुटुंबं गट करून तोडणी आणि ओढणी करत आणि ओंडक्यांचे शक्य तितके सारखे ढीग रचत. कोणता ढीग कोणाचा हे शेवटी नशिबाने ठरे. आपल्या वाट्याला कोणता येणार हे माहीत नसल्यामुळे ढीग सारखे रचण्यात प्रत्येकाचाच स्वार्थ असे.

आल्प्समध्ये एवढा बर्फ असताना पाण्याचे पाट कशाला?

फिस्पचं खोरं हा स्वित्झर्लंडचा सर्वांत कोरडा भाग आहे. दोन्ही बाजूंना उंच पर्वतरांगा असल्याने ढग पलीकडेच रिते होतात. स्टाल्डनजवळ वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांतल्या शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. ऊन मुबलक आणि पाणी वरच्या झऱ्यांत आणि बर्फात अडकलेलं, अशी गत.

म्हणून वालिसच्या लोकांनी डोंगराच्या कडेकडेने मैलोगणती पाट खोदले. जर्मन भागात त्यांना ‘सुओने’ म्हणतात. कुठे मातीत चर, कुठे उभ्या कड्याला टांगलेली लाकडी पन्हळ. दर वसंतात सगळ्यांनी मिळून ते साफ करायचे, दुरुस्त करायचे. या श्रमदानाला तिथे ‘गेमाइनवेर्क’ असा शब्द आहे. पाणी पाळीने. कोणाची पाळी किती वेळाची हे लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून नोंदवत. प्रत्येक कुटुंबाची स्वतःची कोरीव खूण असे, ती पट्टीवर कोरली की झाला सातबारा. चराईच्या हक्कांसाठीही अशाच पट्ट्या वापरत. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपला हक्क हातात धरता यायचा, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

युरोपातल्या सात देशांच्या पारंपरिक सिंचनपद्धतींची नोंद २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. स्वित्झर्लंड त्यांत आहे.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं आणि आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत पाहा. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत, म्हणजे शेतांच्या मोठ्या पट्ट्यांत, येतं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी देण्याचं काम शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी करतो. मालकाने स्वतः दार उघडायचं नाही. ट्योर्बेलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जंगलाच्या बाबतीत गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे नाव घ्यायला हवं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. एक मोठा फरक मात्र नजरेआड करू नये. ट्योर्बेलच्या हातून जंगल कधी गेलंच नाही. मेंढा-लेखाला आपलंच जंगल परत मिळवायला कित्येक वर्षं झगडावं लागलं.

बाहेरून आलेल्या माणसाला हक्क मिळायचे का?

मिळत नसत. १ फेब्रुवारी १४८३ चा एक दस्त आहे. त्यात गावकऱ्यांनी कुरण, जंगल आणि पडीक जमिनीच्या वापरासाठी रीतसर संघटना केली. त्याच वर्षीच्या नियमानुसार बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर किंवा जंगलतोडीवर त्याचा हक्क निर्माण होत नाही. हक्क गावाच्या नागरिकत्वाला जोडलेला, आणि नागरिकत्व बापाकडून मुलाकडे जाणारं.

या गावाचं कौतुक करताना ही बाजू झाकणं मला पटत नाही. पैसेवाल्या परक्यापासून कुरण वाचलं ते या कुंपणामुळेच, हे खरं. पण पिढ्यान् पिढ्या तिथे राहून राबणारं कुटुंबही ‘बाहेरचं’ राहू शकत होतं, हेही तितकंच खरं. १८४८ आणि १८७४ च्या राज्यघटनांनी स्विस नागरिकाला देशात कुठेही वस्ती करण्याचा हक्क दिला. तेव्हापासून बहुतेक गावांत दोन वेगळ्या संस्था दिसतात: सगळ्या रहिवाशांची ग्रामपालिका आणि मूळ घराण्यांची नागरिक-गावकी. वालिसमध्ये जंगल आणि कुरणांचा मोठा हिस्सा आजही या दुसऱ्या संस्थेकडे आहे.

जमीन तेवढीच आणि माणसं वाढत गेली, मग भागलं कसं?

बऱ्याच अंशी संयमाने, आणि त्याची किंमत काही माणसांनी जन्मभर मोजली. लग्नं उशिरा होत. अनेक स्त्री-पुरुष अविवाहितच राहत. दोन मुलांमध्ये अंतर मोठं असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटा आला, तेवढ्याच जमिनीवर जास्त तोंडं भरू लागली आणि वस्ती वाढली.

उरलेला मार्ग म्हणजे गाव सोडणं. एकोणिसाव्या शतकात वरच्या वालिसमधली कित्येक कुटुंबं अर्जेंटिनाला गेली. सांता फे प्रांतातलं सान हेरोनिमो नोर्ते हे गाव १८५८ मध्ये त्यांनीच वसवलं. तिथे आजही वालिसची आडनावं आहेत.  

बायकांना मत देता यायचं का?

शतकानुशतकं नाही. ज्या गावसभांचं आपण एवढं कौतुक करतो, त्यांत मत पुरुषांचंच होतं. स्विस महिलांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो थेट १९७१ मध्ये, म्हणजे आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर जवळपास वीस वर्षांनी.

पण इथे शेजारच्या उंटरबेख या गावाची गोष्ट सांगायलाच हवी. ट्योर्बेलच्या वर मोसआल्प नावाची खिंड आहे, तिच्या पलीकडच्या उतारावर हे गाव आहे. १९५७ च्या मार्चमध्ये देशात सार्वमत होतं: नागरी संरक्षण दलातली सेवा महिलांनाही सक्तीची करावी का? प्रश्न बायकांचा आणि मत फक्त पुरुषांचं. उंटरबेखच्या गावपंचायतीने ठरवलं, आपल्या गावात महिलाही मत देतील. प्रांत सरकार विरोधात, गावातले कित्येक पुरुष नाराज. ३ मार्चपर्यंत चाललेल्या त्या मतदानात सरपंचांच्या पत्नी काथारीना त्सेनहॉयझर्न यांनी सर्वांत आधी मत टाकलं. देशपातळीवरच्या सार्वमतात मत देणारी ती पहिली स्विस महिला. त्यांच्यासह ३३ जणींनी मतदान केलं. त्यांची मतं वेगळ्या पेटीत ठेवली गेली आणि मोजणीत धरली गेली नाहीत. तरीही सगळा देश या गावाकडे पाहू लागला. डोंगरातली, कट्टर कॅथलिक, जुन्या रीती जपणारी गावं मागासच असणार असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही हकिगत जरूर लक्षात ठेवावी.

गावातली घरं आणि जेवण कसं असतं?

घरं लार्च लाकडाची, उन्हाने काळी पडलेली, एकमेकांना खेटून. उतारावरची सपाट जागा पिकासाठी राखायची म्हणून वस्ती दाट. धान्याची कोठारं लाकडी खुंटांवर उभी असतात, आणि प्रत्येक खुंटावर एक रुंद, गोल, चपटा दगड. उंदीर खुंट चढतो, पण त्या दगडाच्या खालून त्याला पुढे जाता येत नाही.

मुख्य धान्य राई. पूर्वी गावाच्या सामाईक भट्टीत वर्षातून मोजक्याच वेळा पाव भाजत आणि तो महिनोन् महिने टिकवत. इतका कडक व्हायचा की कुऱ्हाडीसारख्या सुरीनेच फोडावा लागे. आज वालिसच्या राई-पावाला भौगोलिक मानांकनासारखं संरक्षण आहे. सोबत वाऱ्यावर सुकवलेलं मांस, चीज आणि दरीतली वाइन. रॅक्लेट, म्हणजे विस्तवाकडे धरून वितळवलेलं चीज उकडलेल्या बटाट्यावर, हे या प्रांताचं घरचं जेवण. शाकाहारी माणसाने ‘कोलेरा’ मागवावा: बटाटा, लीक कांदा, सफरचंद आणि चीज पिठाच्या पारीत बंद करून भाजलेला पदार्थ. वरच्या वालिसची ही खासियत आहे आणि पोटभरीची आहे.

आज लोक काय करतात? शेती उरली आहे का?

उरली आहे, पण पोट तिच्यावर नाही. १८९१ मध्ये झेरमॅटपर्यंत रेल्वे पोचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिस्पमध्ये लोन्झा कंपनीचा रासायनिक कारखाना आला. मग कारखान्यात पाळी आणि घरी दोन-चार गाई, असं दुहेरी आयुष्य दोन-तीन पिढ्यांनी काढलं. पुरुष पाळीवर असताना गवत, गोठा आणि मळा बायकांनी सांभाळला. याच फिस्पच्या कारखान्यात मॉडर्नाच्या कोविड लशीचा मूळ घटक तयार होत होता. २००७ मध्ये ल्योचबेर्गचा नवा बोगदा सुरू झाल्यावर फिस्पहून राजधानी बर्न तासाभरात आली.

गाई कमी झाल्या आहेत, आणि कुरणांचा प्रश्न उलटा झाला आहे: पूर्वी जास्त चराईची भीती, आता चराई न झाल्याने झुडपं माजण्याची. म्हणून उन्हाळी चराईसाठी सरकार अनुदान देतं आणि प्रत्येक कुरणावर किती जनावरं असावीत हेही ठरवून देतं. दुसरी चिंता सुट्टीतल्या घरांची. वर्षातले दोन-तीन आठवडे उघडणारी घरं वाढली की गाव हिवाळ्यात अंधारं दिसतं. २०१२ च्या सार्वमताने अशा घरांवर गावातल्या एकूण घरांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. वालिसने त्याविरुद्ध मोठं मतदान केलं होतं, कारण बांधकामावर तिथल्या अनेकांचा रोजगार होता. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत.

भेट द्यायची असेल तर?

झुरिक, बर्न किंवा जिनिव्हाहून रेल्वेने फिस्प, तिथून स्टाल्डन, आणि पुढे पोस्टाची पिवळी बस वळणावळणाने वर नेते. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. मोसआल्प २०४८ मीटरवर आहे. तिथे गुरांच्या घंटा ऐकू येतात आणि जुन्या पाटांच्या कडेने चालण्याच्या वाटा आहेत. वालिसच्या काळ्या, आखूड पायांच्या एरिंगर गाई दिसल्या तर अंतर राखा. त्या जातीने झुंजार असतात, आणि वासरू सोबत असेल तर कुठलीच गाय माणसाला जवळ करत नाही.

कुरणातलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. आणि गावाभोवतालचं उंच वाढलेलं गवत फोटोसाठी तुडवू नका. ते कोणाच्या तरी गाईचं हिवाळ्यातलं खाणं आहे, आणि आडवं पडलेलं गवत नीट कापता येत नाही.